दारावरच्या बेलसाठी ट्रान्सफॉर्मर : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

सध्याची बेल थेट २३० व्होल्टवर चालते. बोर्डातून निघालेली फेजची तार दाराबाहेरच्या बटणापर्यंत जाते, तिथून बेलकडे येते आणि बेलमधून न्यूट्रलला मिळते. ही रचना साधी आणि स्वस्त असून पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे विनातक्रार चालत आली आहे. तरीही घरातल्या सगळ्या स्विचांमध्ये पावसाच्या झडीत भिजणारा, ओल्या हाताने दाबला जाणारा आणि लहान मुलांपासून अनोळखी माणसांपर्यंत कोणीही हाताळावा असा स्विच हाच आहे, आणि नेमक्या त्याच्याच मागे पूर्ण दाबाचा (व्होल्टेजचा) फेज उभा असतो. बटणाच्या कडेला बारीक तडा गेलेला दिसतो. नुसते बटण बदलून हा तडा नाहीसा होईल, पण त्यामागचा फेज तिथेच राहील. म्हणून बेल, बटण आणि त्यांच्यामधल्या तारा कमी दाबावर आणायच्या आणि २३० व्होल्ट बोर्डातच थांबवायचे, असे ठरवले आहे.

कामाची वाटणी आजच लिहून ठेवतो. मोजमापे, निवड, कमी दाबाच्या तारा ओढणे आणि टेबलावरच्या चाचण्या मी करणार आहे. बोर्डातली जोडणी परवानाधारक वायरमन करतील. अनेक देशांत कायद्यानेच ते बंधन घातलेले आहे, आणि जिथे नाही तिथेही बोर्डाच्या आत हात घालण्यासाठी सरावाचा हात असणे बरे.

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, एवढ्या भरवशावर हे काम करता येत नाही. ते बारा व्होल्ट ज्या २३० व्होल्टपासून तयार होतात, ते अवघ्या काही मिलिमीटरवर असतात. मधले इन्सुलेशन, मधली भिंत आणि मधले अंतर जोपर्यंत शाबूत आहे तोपर्यंतच बारा हे बारा राहतात. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा आहे : इथे काही सुटले, वितळले किंवा घसरले, तर वरचा दाब खालच्या बाजूला पोहोचू शकतो का?

५ जानेवारी २०२५

आजचा दिवस ट्रान्सफॉर्मर निवडण्यात गेला, आणि तो तसा जायलाच हवा होता, कारण या कामातली निम्मी सुरक्षितता खरेदीच्या वेळीच ठरते.

ट्रान्सफॉर्मरच्या आत लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. प्राथमिक गुंडाळीला मेन्सचा, म्हणजे घरातला २३० व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि दुय्यम गुंडाळीतून कमी दाब बाहेर पडतो. दोघींमध्ये तांब्याचा कोणताही जोड नसतो, ऊर्जा केवळ चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र एकच गुंडाळी असते आणि तिच्यातूनच मधली टोके काढलेली असतात. त्याच्याकडूनही बारा व्होल्ट मिळतील, पण ते मेन्सला थेट चिकटलेले असतील आणि फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले तर ‘कमी दाबाचे’ टोक जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टच्या आसपास जाईल. कपॅसिटरवर दाब पाडणाऱ्या, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या छोट्या पॉवर सप्लायची गतही हीच आहे. काही शोभेच्या दिव्यांत आणि स्वस्त उपकरणांत ते सापडतात. उपकरणाच्या बंद खोक्यात ते चालतात, दाराबाहेरच्या बटणाला मात्र ते कदापि जोडू नयेत.

आंतरराष्ट्रीय मानकांत सुरक्षा-विलगक ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६१५५८-२-६ आणि खास बेलच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६१५५८-२-८ असे स्वतंत्र भाग आहेत. अमेरिकेत याच कामाला ‘क्लास २’ ट्रान्सफॉर्मर वापरतात. अंगावर यांपैकी कोणताही उल्लेख नसलेला, केवळ ‘इनपुट २३०, आउटपुट १२’ एवढेच छापलेला ट्रान्सफॉर्मर मी बाजूला ठेवला, कारण त्यावरून दोन गुंडाळ्यांमधल्या इन्सुलेशनविषयी काहीच कळत नाही. चौकोनात चौकोन हे दुहेरी इन्सुलेशनचे चिन्हही पाहिले. ते असेल तर ट्रान्सफॉर्मरला अर्थिंगची तार लागत नाही. ते नसेल आणि अर्थचे टर्मिनल दिलेले असेल, तर ती तार जोडलीच पाहिजे. लोखंडी पत्र्याच्या बॉक्सवर बसवायच्या प्रकारांत हिरवी तार बहुधा असते आणि ‘तिच्यावाचूनही बेल वाजते’ म्हणून ती मोकळी सोडलेलीही बहुधा आढळते.

क्षमतेविषयी माझे मत अनेकांच्या उलट आहे. दुकानात आणि ओळखीच्या लोकांत ‘मोठाच घ्या, गरम होणार नाही’ असा सल्ला मिळतो. डिंग-डाँग बेलचे कॉइल एका क्षणापुरते चालावे असे बनवलेले असते. बटण अडकून बसले, तर त्यातून सतत प्रवाह वाहत राहतो. पुरवठा लहान असेल तर तो स्वतःच वाकतो, म्हणजे त्याचा दाब उतरतो, आणि प्रवाहाला मर्यादा पडते. ३० व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मर तोच प्रवाह आनंदाने पुरवत राहतो आणि कॉइल जळून जाते. आमच्या साध्या बेलला ८ व्हीए पुरेसे आहे. म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ०.६७ अँपिअर.

८, १२ आणि २४ व्होल्टपैकी १२ व्होल्टची निवड का केली, याचे एक कारण तारेच्या लांबीत आहे आणि ते पुढे येईल. दुसरे कारण सुरक्षिततेचे. आयईसी ६०३६४ नुसार विलग केलेल्या अतिनिम्न दाबाच्या मंडलासाठी (सर्किटसाठी) एसीची वरची मर्यादा ५० व्होल्ट आहे, पण उघड्या धातूला हात लागण्याची शक्यता असेल तर कोरड्या जागी २५ व्होल्टपर्यंत आणि इतरत्र १२ व्होल्टपर्यंतच जास्तीचे आवरण नसले तरी चालते. दाराबाहेरची जागा कोरडी धरता येत नाही. बटणामागचे स्क्रू कधीतरी उघडे पडणारच, हे गृहीत धरले तर बारा हा आकडा आपोआप पुढे येतो.

११ जानेवारी २०२५

जागा ठरवली. बोर्डातल्या रेलवर बसणारा, दोन मॉड्यूल रुंदीचा, म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटरचा ट्रान्सफॉर्मर घेतला आहे आणि बोर्डात तेवढी जागा रिकामी आहे. फॉल्स सीलिंगच्या वर ठेवण्याची सूचना होती. ती नाकारली. बेल दिवसातून काही सेकंदच वाजत असली, तरी प्राथमिक गुंडाळी चोवीस तास मेन्सवर असते आणि थोडीबहुत गरम राहते. अशी वस्तू दिसत नाही, पोहोचता येत नाही आणि धूळ साचते अशा जागी ठेवणे मला पटत नाही.

१२ जानेवारी २०२५

तारेचे गणित. बोर्डापासून बेल ६ मीटर आणि बेलपासून बटण १२ मीटर, म्हणजे एका दिशेने १८ मीटर आणि जाऊन-येऊन ३६ मीटर. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३६ ओहम असतो, त्यामुळे पूर्ण फेऱ्याचा रोध साधारण १.३ ओहम येतो. बेलला ०.६ अँपिअर लागतात असे धरले, तर वाटेत ०.७८ व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टमध्ये ही घट साडेसहा टक्के आहे. ८ व्होल्टची बेल घेतली असती तर १ अँपिअरला १.३ व्होल्ट, म्हणजे सोळा टक्क्यांहून अधिक घट पडली असती आणि डिंगनंतर डाँग कसाबसा उमटला असता.

दोन्ही बाजूंच्या तारांची अदलाबदल मात्र कधीही होता कामा नये. बेलची बारीक तार सहसा कमी दाबासाठीच बनवलेली असते, तिचे इन्सुलेशन मेन्ससाठी नसते. ती प्राथमिक बाजूला जोडली तर एमसीबीचे (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचे) संरक्षणही फोल ठरते, कारण एमसीबी नेहमीच्या जाड तारेनुसार निवडलेला असतो आणि ही बारीक तार वितळायला लागली तरी त्याच्या हिशेबात काहीच बिघडलेले नसते. प्राथमिक बाजूला १.५ चौरस मिलिमीटरची नेहमीची तार राहील.

बेलची तार मेन्सच्या पाइपातून ओढायची नाही, हेही ठरले. एकाच पाइपातून नेल्या, तर वर्षांनंतर पाइपात कुठे उष्णतेने किंवा घासून इन्सुलेशन गेले की २३० व्होल्ट सरळ बटणापर्यंत पोहोचतील, आणि ट्रान्सफॉर्मर निर्दोष असूनही सगळा खटाटोप वाया जाईल. एकाच पाइपातून न्यायचेच असेल तर सर्व तारांचे इन्सुलेशन तिथल्या सर्वांत जास्त दाबाला पुरेसे असावे लागते. वेगळी केसिंग पट्टी मारणे हा त्याहून सोपा उपाय आहे. दिसायला ती थोडी आगाऊ दिसते, पण असो.

१८ जानेवारी २०२५

शॉर्ट सर्किटचा विचार आज सविस्तर केला. ‘काही झाले तर एमसीबी पडेल’ हा समज याबाबतीत चुकीचा आहे आणि तो किती चुकीचा आहे हे आकड्यांशिवाय लक्षात येत नाही.

बेलच्या दोन तारा खिळ्याने चिरडून एकमेकींना चिकटल्या असे धरू. एवढ्या लहान ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांचा स्वतःचाच रोध बराच असतो, त्यामुळे शॉर्ट झाल्यावरही दुय्यम बाजूला प्रवाह अमर्याद वाढत नाही. नेहमीच्या पूर्ण प्रवाहाच्या तिप्पट झाला असे मानले, तर तो २ अँपिअर होईल. प्राथमिक बाजूला त्याचे प्रतिबिंब १२ भागिले २३० या प्रमाणात, म्हणजे सुमारे ०.१ अँपिअर एवढेच पडते. आमचा एमसीबी ६ अँपिअरचा आहे. त्याच्या दृष्टीने हा एखादा छोटा दिवा लागल्यासारखा प्रकार असून तो जन्मात पडणार नाही. इकडे गुंडाळीतली उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते आणि ती मिनिटांमागून मिनिटे तशीच राहते. या उष्णतेने सर्वांत आधी ज्याची हानी होते, ते म्हणजे दोन गुंडाळ्यांमधले इन्सुलेशन. बाहेर दुय्यम बाजूला झालेला किरकोळ शॉर्ट अशा रीतीने आतली भिंत खिळखिळी करू शकतो, आणि आगीपेक्षाही मला हाच धोका अधिक गंभीर वाटतो, कारण आग दिसते, हा प्रकार दिसत नाही.

आरसीसीबीकडूनही इथे फारशी मदत नाही. तो फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहातला फरक मोजतो, आणि दुय्यम बाजूचा शॉर्ट हा त्याला साधा भार दिसतो. प्राथमिक बाजूची गळती अर्थमध्ये गेली तरच तो जागा होतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे संरक्षण असलेच पाहिजे. ते तीन प्रकारे मिळते. गुंडाळीचा रोधच इतका ठेवलेला असतो की कायमचा शॉर्ट झाला तरी तापमान मर्यादेत राहते, किंवा आत तापमानानुसार रोध वाढवणारा पीटीसी घटक बसवलेला असतो, किंवा थर्मल फ्यूज असतो. थर्मल फ्यूज एकदा गेला की ट्रान्सफॉर्मर टाकून द्यावा लागतो. काही लोक तो फ्यूज ओलांडून तार जोडतात आणि ‘दुरुस्त झाला’ म्हणतात. असा ट्रान्सफॉर्मर घरात नसावा.

आम्ही घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पीटीसी आहे आणि सततचा शॉर्ट तो सहन करतो, असे त्याच्या पत्रकात स्पष्ट लिहिले आहे. तसे लिहिलेले असल्यामुळेच टेबलावर त्याची परीक्षा घेतली. टर्मिनलांवर झाकण लावून दुय्यम टोके जोडली. थोड्याच वेळात प्रवाह कोसळून किरकोळ उरला. पुरवठा बंद करून, थंड होऊ देऊन पुन्हा पाहिले तेव्हा दाब पूर्ववत आला होता. पत्रकात उल्लेख नसलेल्या ट्रान्सफॉर्मरवर ही चाचणी करू नये.

१९ जानेवारी २०२५

जुनी बेल काढण्याचा दिवस. वायरमन आले होते.

बेलच्या जुन्या मंडलात फेज एका एमसीबीवरून आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्याच मंडलातून घेतलेला असू शकतो. बेल ही नंतर कधीतरी बसवलेली वस्तू असल्याने असे उसने न्यूट्रल तिथे हमखास भेटतात. अशा वेळी बेलचा एमसीबी खाली केला तरी न्यूट्रलच्या तारेतून दुसऱ्या मंडलाचा प्रवाह वाहत राहतो, आणि ती तार कनेक्टरमधून सोडवताच तिच्या सुटलेल्या टोकावर पलीकडच्या उपकरणातून पूर्ण दाब येतो. इथे तसेच निघाले. फेज प्रकाशाच्या मंडलातला आणि न्यूट्रल प्लगच्या मंडलातला. म्हणून मुख्य स्विचच, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, बंद करून त्यावर चिठ्ठी लावली आणि मगच तारा सोडवल्या.

तार मृत आहे की नाही हे ठरवण्यासाठी निऑनच्या टेस्टरवर विसंबलो नाही. उजेडात त्याचा दिवा दिसत नाही, तो कधी शेजारच्या तारेच्या प्रभावानेही मंद पेटतो, आणि माणूस कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असला तर कधी पेटतच नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वापरला. आधी चालू असलेल्या जागी तो चालतो हे पाहिले, मग ज्या तारा सोडवायच्या त्यांवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासल्या आणि शेवटी टेस्टर पुन्हा चालू जागी लावून तो मध्येच बंद पडलेला नाही याची खात्री केली. मुख्य स्विच बंद असल्यामुळे चालू जागा घरात उरली नव्हती. वायरमनकडे त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा स्रोत होता.

भिंतीतून बटणापर्यंत गेलेल्या जुन्या तारा पुन्हा वापराव्यात का, यावर चर्चा झाली. त्यांचे इन्सुलेशन मेन्सच्या दर्जाचे आहे, तेव्हा कमी दाबाला त्या चालतील. पण त्या ज्या जंक्शन बॉक्समधून जातात त्यात दिव्यांचे फेजही आहेत, आणि उद्या तो बॉक्स उघडणाऱ्याला या दोन तारा इतरांसारख्याच दिसतील. नवी तार वेगळ्या वाटेने न्यायची असे ठरले. जुन्या तारा बोर्डाच्या टोकाला सोडवून, दोन्ही टोके कनेक्टरमध्ये बंद करून, ‘वापरात नाही’ अशी पट्टी लावून ठेवल्या आहेत.

२५ जानेवारी २०२५

बेलची तार ओढली, बटण बसवले. विशेष लिहिण्यासारखे काही नाही. बटणाच्या खोक्यात तार खालून नेली असून खोक्याबाहेर तिला थोडा झोल दिला आहे, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न शिरता त्या झोलावरून ठिबकेल.

२६ जानेवारी २०२५

बोर्डातली जोडणी वायरमननी केली. मी शेजारी उभा राहून पुढील गोष्टी पाहिल्या.

प्राथमिक टर्मिनले एका कडेला आणि दुय्यम टर्मिनले दुसऱ्या कडेला आहेत. हे अंतर कारखान्यात मोजून ठेवलेले असते, पण तारा ओढताना ते सहज वाया घालवता येते. दुय्यम तार मोकळेपणाने फिरून फेजच्या बसबारला (बोर्डातल्या उघड्या धातूच्या पट्टीला) टेकली, तर ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या इन्सुलेशनचा काही उपयोग उरत नाही. म्हणून बेलच्या तारेचे बाहेरचे आवरण टर्मिनलच्या अगदी जवळपर्यंत ठेवले, ती स्वतंत्र छिद्रातून ग्रोमेट (छिद्राच्या कडेचे रबरी कडे) लावून आत घेतली आणि एखादी तार स्क्रूमधून सुटली तरी ती मेन्सपर्यंत पोहोचू नये इतकीच तिची लांबी सोडून बांधून टाकली.

बहुपदरी तारेच्या टोकांना फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून मग ती स्क्रूखाली दिली. टोकांना शिसे-कथिलाचा झाळ देण्याची पद्धत आहे, पण झाळ दाबाखाली हळूहळू सरकतो आणि स्क्रू सैल पडत जातो. सैल जोड म्हणजे उष्णता. फेरूल नसतील तर साधी पिळलेली तार झाळलेल्या तारेपेक्षा बरी. बाहेर राहिलेला एखादा केसासारखा पदर शेजारच्या टर्मिनलला शिवत नाही ना, हे टॉर्च लावून पाहिले.

दुय्यम बाजूला ०, ८ आणि १२ अशी तीन टर्मिनले आहेत. ० आणि १२ मध्ये बारा व्होल्ट, ० आणि ८ मध्ये आठ, तर ८ आणि १२ मध्ये चारच व्होल्ट मिळतात. इथे गल्लत झाली तर बेल फक्त कुजबुजते. प्राथमिक आणि दुय्यम यांची गल्लत मात्र जीवघेणी आहे. मेन्स दुय्यम गुंडाळीला दिले तर ती गुंडाळी क्षणात जळते, आणि जळण्याआधी पलीकडच्या टोकांवर हजारो व्होल्टकडे झुकणारा दाब उभा राहू शकतो. म्हणून पुरवठा चालू करण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन्ही बाजूंचा रोध मोजून नावे बरोबर आहेत याची खात्री केली. दाब उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्राथमिक गुंडाळीचा रोध शेकड्यांत आणि दुय्यमचा काही ओहमच असतो. आमचा ट्रान्सफॉर्मर ७२० आणि ३ ओहम दाखवतो.

दुय्यम बाजूचे कोणतेही टोक अर्थला जोडलेले नाही आणि जोडायचेही नाही. ही बाजू जमिनीपासून तरंगती ठेवली, म्हणजे एखादे टोक कुठे भिंतीला किंवा लोखंडी दाराला टेकले तरी जमिनीतून प्रवाहाला वाट मिळत नाही.

१ फेब्रुवारी २०२५

चाचण्या. सर्वांत महत्त्वाची पहिली, इन्सुलेशनची. पुरवठा पूर्ण बंद करून ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंच्या तारा सोडवल्या, प्राथमिकची दोन्ही टोके एकत्र आणि दुय्यमची सगळी टोके एकत्र केली आणि त्यांच्यामध्ये मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) ५०० व्होल्ट डीसी लावले. वाचन यंत्राच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेले. २३० व्होल्टच्या मंडलासाठी आयईसी ६०३६४-६ मध्ये किमान १ मेगाओहम सांगितला आहे, पण नव्या ट्रान्सफॉर्मरने काठावर उत्तीर्ण होऊन उपयोग नाही. तो २–३ मेगाओहम दाखवत असता तर मी तो परत केला असता. मल्टिमीटरच्या ओहमने ही चाचणी होत नाही. तो काही व्होल्टच लावतो, आणि तेवढ्याला भाजलेले इन्सुलेशनही निर्दोष दिसते.

दुसरी चाचणी दाबाची, ट्रान्सफॉर्मर चालू करून. भार नसताना दुय्यम बाजूला १२ ऐवजी १६.२ व्होल्ट आले. यात घाबरण्यासारखे काही नाही. लहान ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर १२ देतील असे गुंडाळलेले असतात, त्यामुळे रिकामे असताना त्यांचा दाब बराच वर असतो. बेल वाजताना तो १२.४ झाला.

पुढचे वाचन मात्र पाहणाऱ्याला दचकवते. दुय्यमचे एक टोक आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावला तर २१ व्होल्ट दिसले, म्हणजे दोन टोकांमधल्या दाबाहूनही अधिक. जोड नसताना हा दाब आला कुठून? दोन गुंडाळ्या शेजारी असल्यामुळे त्यांच्यात थोडासा कपॅसिटन्स असतो, म्हणजे तांब्याचा जोड नसतानाही एसी किंचित पार होतो. त्यातून दोनेक मायक्रोअँपिअर गळतात, आणि मल्टिमीटरचा १० मेगाओहमचा रोध एवढ्याशा गळतीवरही भरघोस आकडा दाखवतो. बेलची लांब तार जोडल्यावर तोच आकडा ५–६ व्होल्टवर उतरला, कारण तारेचा जमिनीशी असलेला कपॅसिटन्स ती गळती गिळतो.

हा दाब खरा की आभासी हे ठरवण्यासाठी त्या टोकाला आणि अर्थला जोडून १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. आकडा शून्याला टेकला. इन्सुलेशन खरोखर फुटलेले असते तर तो टिकून राहिला असता. रेझिस्टर मुद्दाम १० वॅटचा घेतला होता. सर्वांत वाईट परिस्थितीत त्याच्यावर २३० व्होल्ट आले असते, तर त्यात पाच वॅटहून अधिक उष्णता निर्माण झाली असती आणि चिमुकला पाव वॅटचा रेझिस्टर हातातच फुटला असता. शिवाय तेव्हा वाहणारे २३ मिलिअँपिअर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला पाडतीलच असे नाही. ज्यांच्याकडे कमी रोधाचा मापनप्रकार असलेला मीटर आहे त्यांनी तोच वापरावा.

तिसरी, उष्णतेची. दुपारभर चालू ठेवल्यावर खोलीत २६ अंश आणि ट्रान्सफॉर्मरच्या खोक्यावर ३९ अंश. हात ठेवून बसता येते. बारीक गुणगुण ऐकू येते, ती गाभ्याच्या पत्र्यांची आहे आणि चालते. ती मोठी होऊ लागली किंवा वास यायला लागला तर मात्र चालणार नाही. रिकामा असताना तो सव्वा वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे वर्षाला साधारण अकरा युनिट.

शेवटी बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले. बेलचे कॉइल कोमट झाले, मग पीटीसीने प्रवाह उतरवला. ८ व्हीएची निवड याचसाठी होती.

८ फेब्रुवारी २०२५

बोर्डाच्या झाकणाच्या आत पट्टी लावली : ‘बेल ट्रान्सफॉर्मर, १२ व्होल्ट, ८ व्हीए, एमसीबी क्र. ४’. जुन्या तारांची जागाही त्यावर लिहिली आहे.

१६ फेब्रुवारी २०२५

घरातून कॅमेऱ्याच्या बेलची मागणी आली. अशा बेल बहुधा १६ ते २४ व्होल्ट एसी मागतात आणि बटण दाबले नसतानाही सतत प्रवाह घेतात, त्यामुळे आताच्या ट्रान्सफॉर्मरवर त्या नीट चालणार नाहीत. घरात पडून असलेला दुसरा, प्लगने जोडायचा ट्रान्सफॉर्मर याच्या जोडीला समांतर लावला तर भागेल का, असा प्रश्न आला. नाही. दाब थोडे जरी वेगळे असले तरी दोघांमध्ये आपापसांत प्रवाह फिरत राहतो. त्याहून मोठा धोका असा की, त्यातल्या एकाचा मेन्स पुरवठा तोडला तरी दुसरा त्याच्या दुय्यम गुंडाळीला बारा व्होल्ट देत राहतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो, आणि तोडलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक टोकांवर, म्हणजे प्लगच्या उघड्या पिनांवर, दोनशे व्होल्टच्या घरातला दाब परत उभा राहतो. त्या पिनांना हात लावणारा माणूस ‘मी तर प्लग काढला आहे’ याच विश्वासाने हात लावतो.

कॅमेऱ्याची बेल आलीच, तर आताचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण काढून त्याच जागी सततच्या भारासाठी दर्जा दिलेला १६ व्होल्ट, ३० व्हीएचा एकच ट्रान्सफॉर्मर बसेल. त्याला दोन मॉड्यूलांपेक्षा जास्त जागा लागली तर बोर्डाचा विचार पुन्हा करावा लागेल. तारेत १.९ अँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो, म्हणून घट आणि शॉर्टची उष्णता दोन्ही नव्याने मोजावी लागतील, आणि बाहेरच्या ओल्या जागी १२ च्या वर जाणार असल्याने बटणामागचे एकही स्क्रूचे टोक उघडे ठेवता येणार नाही. तोवर आहे तीच बेल.